डाव्या कानातले संवाद

कॉलेजच्या सरांचा फोन आला तेव्हा मी एका मालिकेतल्या सासूच्या बांगड्यांचा आवाज कमी करत बसले होते. "फेब्रुवारीत दोन दिवस मोकळे ठेव," सर म्हणाले. "मुलं शॉर्टफिल्म फेस्टिव्हल करतायत. तुला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवायचं म्हणतायत."

मी साऊंड एडिटर. अंधेरीत चौदा वर्षं मालिकांचं पोस्ट-प्रॉडक्शन केलं, लॉकडाऊनमध्ये कोल्हापूरला घरी आले ती राहिलेच. आता एपिसोड इंटरनेटवरून येतात, मी ते साफसूफ करून परत पाठवते. आमच्या धंद्यातल्या माणसाला स्टेजवर बोलवायची बुद्धी सहसा कोणाला होत नाही, त्यामुळे क्षणभर बरं वाटलं. पण शाल, श्रीफळ, कुंडीतलं रोप आणि परिचयातली आपल्यालाच ओळखू न येणारी विशेषणं मला पाठ आहेत. भाषण करायचं, स्टाफरूममध्ये चहा-पोहे घ्यायचे आणि पहिली फिल्म सुरू व्हायच्या आत गाडीला किल्ली लावायची. मी स्वतः दोनदा असं केलंय. म्हणून सरांना म्हटलं, "भाषण नको. दाखवायच्या आधी सगळ्या फिल्म्स मला ऐकायला द्या."

"ऐकायला?"

"हो, ऐकायलाच."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या एका वर्गात बैठक झाली. सहा-सात विद्यार्थी, सर, एका दैनिकात वीस वर्षं सिनेमावर लिहिणारा माझा पत्रकार मित्र, आणि दोन तरुण फिल्मवाले. त्यातली एक गडहिंग्लजची मुलगी, पुण्यात शिकून आलेली, लग्नाच्या व्हिडिओंवर पोट आणि स्वतःच्या फिल्म्सवर जीव. दुसरा जयसिंगपूरचा मुलगा, कुठंही न शिकलेला, पण कुठलीही बिघडलेली फाईल चालू करून दाखवणारा. दोघांचं वय पंचविशीच्या आतबाहेर. मुलांना आमच्यापेक्षा त्यांच्याशी बोलताना कमी अवघडायला व्हायचं, हे पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. आम्हाला "मॅडम, सर". त्यांना "भावा" आणि "ताई".

नियम साधे ठेवले. फिल्म वीस मिनिटांच्या आत, बनवणारा कुठल्याही कॉलेजात शिकत असलेला, प्रवेश फुकट. महिनाभरात ७१ फिल्म्स आल्या. आल्या म्हणजे काय, लिंक आल्या. त्यातल्या पंधरा-सोळा उघडायला गेलं की "परवानगी मागा" अशी पाटी. परवानगी मागायची, तर पोरगा परीक्षेत. काहींनी फिल्म सरळ व्हॉट्सॲपवर पाठवली, त्यामुळे चित्र असं दिसे की पाण्यात भिजलेली रांगोळी. पुन्हापुन्हा फोन करून ६४ हाती लागल्या. सात शेवटपर्यंत उघडल्याच नाहीत. त्या कदाचित सगळ्यात चांगल्या असतील.

मग पाहायचं काम. पत्रकार मित्राचा हट्ट होता की प्रत्येक फिल्म दोघांनी तरी शेवटपर्यंत बघायची, पुढं ढकलायची नाही. मला हे फार सोवळं वाटलं. तीन मिनिटांत कळतंच की! तो म्हणाला, "तुला कळतं. पण तो पोरगा सतराव्या मिनिटाला काहीतरी करून बसला असेल तर?" जानेवारीचे तीन आठवडे रोज रात्री जेवणं झाली की आम्ही हेच करत होतो. माझ्या वहीत एका पानावर नुसत्या उभ्या रेघा आहेत: अलार्मने सुरू होणाऱ्या फिल्म्स. चौदा झाल्या. मोबाईल वाजतो, हात येतो, अलार्म बंद होतो, नायक आरशात बघून दात घासतो. चौदापैकी नऊ जण पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करणारे होते. पहाटे उठणं हा त्यांच्या आयुष्यातला खराच मोठा प्रसंग असणार, हे मला बऱ्याच उशिरा सुचलं. तोवर मी वहीत "पुन्हा अलार्म!" असं उद्गारचिन्हासकट लिहून ठेवलं होतं.

सतराव्या मिनिटाला काहीतरी करून बसलेले खरोखर दोघं निघाले. मित्राला मी अजून ते कबूल केलेलं नाही.

आमच्या या बसण्याला एक कागदोपत्री अर्थही होता, तो मुलांना ठाऊक नव्हता. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याप्रमाणे सिनेमा जाहीरपणे दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. फेस्टिव्हलसाठी त्यातून सूट मिळते, पण ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करून. आणि सूट मागताना सिनेमाशी संबंधित माणसांच्या समितीनं या फिल्म्स पाहून दाखवण्याजोग्या ठरवल्यात, असं लिहून द्यावं लागतं. प्रेक्षक नोंदणी केलेलेच हवेत, धंदा करायचा नाही. गावोगावी कॉलेजांत किती जण हे करतात देव जाणे. पण सर जुन्या फिल्म सोसायटीच्या चळवळीतले, कागद पुरा झाल्याशिवाय पडदा न लावणारे. तर माझ्या सहीचा पहिल्यांदा शाल-श्रीफळापलीकडे काही उपयोग झाला. गडहिंग्लजच्या मुलीनं निवडलेल्या बावीस फिल्म्सचा गोषवारा इंग्रजीत लिहिला. "गुळव्या" या शब्दापाशी ती तासभर अडली होती.

तो गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, पन्हाळ्याकडच्या एका मुलीच्या फिल्ममधला. तिच्या काकांचं गुऱ्हाळ. अकरा मिनिटं, बहुतेक एकाच जागेवरून काढलेली. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस उकळतोय, वर फेस येतोय, गुळव्या मळी काढतोय आणि मधूनच खालच्या चुलवाणात उसाचं चिपाड सारणाऱ्याला ओरडतोय. चित्र सुंदर होतं. त्यावर तिनं बासरी लावली होती. इंटरनेटवरून घेतलेली, कॉपीराइट नसलेली, तीच ती बासरी, जी मी आतापर्यंत गाय, आजी, पाऊस आणि वृद्धाश्रम या चारही विषयांवर ऐकली आहे.

मी तिला घरी बोलावलं. बासरी बंद करून फिल्म लावली. खाली तिचा मूळ आवाज होता, फोनवर घेतलेला, वाऱ्यानं फाटलेला. "म्हणूनच बासरी टाकली मॅडम," ती म्हणाली. "नुसता भसाभसा आवाज येतोय."

"गुऱ्हाळ अजून चालू आहे का?"

"मार्चपर्यंत चालतंय."

"मग परत जा. कॅमेरा नेऊ नकोस."

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. माझा छोटा रेकॉर्डर दिला, माईकवर घालायला लोकरीची टोपी दिली आणि काय काय आणायचं ते लिहून दिलं: काहील जवळून, काहील लांबून, चरक, चुलवाण, माणसं, आणि सगळी जेवायला गेल्यावर अर्धा मिनिट नुसती जागा. शेवटच्यावर ती अडखळली. कोणी काही करत नसताना काय रेकॉर्ड करायचं? मी तिला माझ्या खोलीचा आवाज ऐकवला. पंखा, फ्रीज, लांबून टाऊन हॉलकडची वाहतूक. मग तो काढून टाकला. स्पीकर मेल्यासारखा झाला. "प्रत्येक जागा आपली आपली गप्प असते," म्हटलं, "आणि ती सोबत आणावी लागते, नाहीतर जोड उघडे पडतात." चार दिवसांनी ती रेकॉर्डर, टोपी आणि दोन किलोची ढेप घेऊन आली. काकवी घट्ट होत येताना तिचे बुडबुडे फुटतात त्याचा आवाज हळूहळू जड होत जातो. रस पातळ असताना वेगळा, आधण उतरवायच्या आधी वेगळा. मी इतकी वर्षं आवाजाचं काम केलंय आणि कोल्हापुरात वाढलेय, पण हे कधी ऐकलं नव्हतं. बासरी गेली. टोपीला अजून गुळाचा वास येतो.

प्रायोजकाचं थोडक्यात सांगते. एका क्लासवाल्यानं पैसे देऊ केले, पण प्रत्येक फिल्मच्या आधी त्याची दीड मिनिटांची जाहिरात लावायची म्हणाला. बावीस वेळा! मुलं तयार झाली होती, कारण प्रोजेक्टरचं भाडं द्यायचं होतं. सरांनी सकाळी एकदा आणि दुपारी एकदा अशी नुसती पाटी दाखवायचं ठरवून आणलं. पैसे अर्ध्यावर आले. मग दुपारच्या जेवणात जिलेबी नव्हती.

माझा आणि मित्राचा खरा वाद झाला तो नाकारलेल्यांवरून. निवड बावीसांची, राहिले बेचाळीस. विद्यार्थी समितीनं मजकूर तयार ठेवला होता: "आपल्या सहभागाबद्दल आभार. आपली कलाकृती उत्कृष्ट होती, परंतु..." मी म्हटलं, बेचाळीस जणांना एकच ओळ पाठवायची असेल तर माझं नाव काढा. आम्ही ही पोरं तीन आठवडे रात्र-रात्र पाहिलीत, प्रत्येकाबद्दल वहीत काहीतरी लिहिलंय. ते त्यांना का मिळू नये? मित्र म्हणाला, "बातमीत चूक काढली तर लोक कोर्टात जातात. ही तर पोरांची पहिली फिल्म." त्याचं म्हणणं असं की नकार जितका गुळगुळीत तितका कमी लागतो. मला माझ्या पहिल्या वर्षी एका स्टुडिओतून "फिर कभी" एवढंच ऐकायला मिळालं होतं. काय चुकलं ते कळायला मला दीड वर्ष लागलं. माझे आवाज चांगले होते, फक्त सगळे सारख्याच उंचीवर होते. ते कोणीतरी एका वाक्यात सांगू शकलं असतं.

शेवटी ठरलं: प्रत्येकाला चार ओळी. एक जमलेली गोष्ट, एक न जमलेली, आणि ती कशी दुरुस्त करता येईल. जमलेलं काही सापडत नसेल तर फिल्म परत बघायची. बेचाळीस पत्रांना अकरा दिवस गेले. सगळ्यात अवघड होतं खरं पण छोटं लिहिणं. "तुझ्या फिल्ममधली आई दार लावताना ज्या तऱ्हेनं थबकते ते उत्तम आहे. पण ती नंतर रडते, त्यामुळे थबकणं वाया जातं." अशासारखं. अलार्मवाल्या चौदांतले अकरा नाकारले गेले होते. अकरा वेळा तेच न लिहिता तेच लिहायचं होतं.

उत्तरं आली. बरीचशी "थँक्यू मॅम" आणि हात जोडलेली बाहुली. एकानं लिहिलं की आम्हाला सिनेमा कळत नाही, आणि खाली जागतिक दिग्दर्शकांची यादी दिली. कागलच्या एकानं फक्त विचारलं, "अलार्म नको तर तो उठला हे कसं कळणार?" याचं उत्तर मी तीनदा लिहून खोडलं. शेवटी कळवलं, "फेस्टिव्हलला ये, बोलू."

फेस्टिव्हलच्या दोन दिवस आधी हॉलमध्ये चाचणी ठेवली. मांडववाल्याकडून काळं कापड आणून खिडक्या बंद केल्या होत्या. जयसिंगपूरच्या पोरानं सगळ्या फाईल्स एका साच्यात आणल्या होत्या. मोबाईलवर शूट केलेल्या फिल्म्सचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, चालता चालता कमीजास्त होतो, त्यामुळे ओठ आणि शब्द हळूहळू फारकत घेतात. आठव्या मिनिटाला तर नायिका बोलून गप्प झाल्यावर वाक्य ऐकू यायचं. त्यानं त्या सगळ्या पुन्हा बनवल्या होत्या. एका फिल्मच्या श्रेयनामावलीत "दिग्दर्शक"मधली वेलांटी उडी मारून "द"च्या पलीकडे पडली होती, तीही त्यानं जागेवर आणली. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जोडायला वेगळं सांगावं लागतं, ते कोणी सांगितलेलं नसतं.

तर पहिली लावली इचलकरंजीच्या मुलाची. यंत्रमागाच्या खोलीत बाप-लेक बोलतात. मुलगा माग विकायचे म्हणतो, बाप ऐकू येत नसल्याचं नाटक करतो. घरी ऐकताना ही फिल्म मला फार आवडली होती. हॉलमध्ये माग धडधडत होते, संगीत येत होतं, बाप-लेकांचे ओठ हलत होते, आणि एकही शब्द ऐकू येत नव्हता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. इचलकरंजीचा पोरगा पांढराफटक. "ताई, घरी तर झ्याक ऐकू येतंय!" (मी मॅडमची ताई कधी झाले ते लक्षात नाही, बहुधा त्याच क्षणी.)

लॅपटॉपला माझा हेडफोन लावला. संवाद होते, पण फक्त डाव्या कानात. त्यानं कॉलर माईक थेट फोनला जोडला होता, तो सगळं डाव्याच बाजूला नोंदवत होता. मी स्वतः घरी ऐकताना हे वहीत टिपलं होतं, "संवाद डावीकडे, बघून घेणे," आणि बघून घेतलं नव्हतं. त्याला विचारलं, "तुला हे कधी जाणवलं नाही?" तो खाली मान घालून म्हणाला, "माझ्या हेडफोनचा उजवा कान गेल्या वर्षापासनं बंदच हाय."

आणि हॉलच्या ॲम्प्लिफायरची डावी वायर निघालेली होती. हॉल सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, "भाषणं तर ऐकू येत्यात की सगळी." खरंच होतं. एका माईकवरची भाषणं एका बाजूनंही ऐकू येतात. त्या हॉलमध्ये वर्षानुवर्षं माझ्यासारखे पाहुणे येऊन बोलून गेले असणार, कोणालाच काही कमी पडलं नाही.

त्याच्या फिल्मचा डावा आवाज दोन्हीकडे टाकायला चार मिनिटं लागली. पण मग बावीसही तपासाव्या लागल्या, आणि आणखी पाच तशाच निघाल्या. रात्री साडेअकरापर्यंत आम्ही हॉलमध्ये होतो. काकांनी स्वतः शिडी लावून वायर ओढली, डाग दिला, आणि दोन्ही स्पीकर बोलायला लागले तेव्हा टाळ्या त्यांनीच आधी वाजवल्या. पोरांनी वडापाव आणले. मित्र मागच्या रांगेत बसून माझी वही वाचत होता. "बघून घेणे" या शब्दांखाली त्यानं पेन्सिलनं दोन रेघा मारून ठेवल्या, आजही आहेत.

दोन दिवसांबद्दल काय सांगू! सकाळच्या सत्राला तेवीस माणसं, त्यातली बारा फिल्म बनवणारीच. दुपारी हॉल भरला, कारण एनएसएसच्या मुलांना हजेरी लावायला सांगितलं होतं. यंत्रमागाच्या फिल्मला मात्र ती हजेरीची मुलंही गप्प बसली. बाप शेवटी "ऐकलंय मी सगळं" म्हणतो तिथं कोणीतरी मागून "आयला" म्हणालं. इचलकरंजीच्या पोरानं ते "आयला" ऐकलं आणि मान वळवून अंधारात कोण ते शोधत राहिला. गुऱ्हाळाच्या वेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही, भिंतीला टेकून बुडबुडे ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी वीज गेली. चाळीस मिनिटं. इन्व्हर्टर लॅपटॉपपुरता. लोक उठायला लागले तसा पत्रकार मित्र पुढं गेला आणि माईकशिवाय बोलायला लागला. ह्याच गावात बाबूराव आणि आनंदराव मिस्त्री या नात्यातल्या भावांनी स्वतःचा कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं तो पुरा केला, आणि बाबूराव पेंटर म्हणून सगळ्यांना माहीत झाले. खरी कॉर्नरला त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, त्याच्या बाजूला तुम्ही रोज गाड्या लावता, असं तो म्हणाला तेव्हा हशा पिकला. मग इचलकरंजीच्या पोरानं उठून डाव्या-उजव्या कानाची हकीकत सांगितली, स्वतःच्या बंद हेडफोनसकट. प्रश्न विचारायला कोणी घाबरलं नाही, अंधार होता म्हणून असेल. माईक केवढ्याला मिळतो, सेकंडहँड कुठं मिळतो, घरचे फिल्म करू देतात का, पोटापाण्याचं काय. शेवटच्यावर गडहिंग्लजची मुलगी जे बोलली ते फार सरळ होतं: वर्षाला पंचवीस लग्नं करते, तेव्हा एक फिल्म होते. वीज आली तेव्हा दोन-तीन जणांनी "आत्ताच कशाला" असं तोंड केलं.

कागलचा तो पोरगा आला होता. चहाच्या वेळी भेटला. उंच, केस भरतीसाठी बारीक कापलेले. "उठला हे कसं कळणार?" त्यानं पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "तू कशानं उठतोस?" तो विचारात पडला आणि चहा न घेताच गेला.

मार्चच्या शेवटी एका रविवारी दारात उभा. हातात पेनड्राईव्ह. पहिल्या काही सेकंदांचा आवाज त्यानं बदलला होता, बाकी फिल्म तीच. माझ्या टेबलापाशी स्टूल ओढून बसला आणि मी फाईल उघडेपर्यंत दोनदा उठून पुन्हा बसला.

"अलार्म काढला, ताई. आता कोंबडा आरवतोय."

मी हेडफोन घातला. काळ्या पडद्यावर कोंबडा आरवला, लांब कुठंतरी कुत्रं भुंकलं, एका बाईनं बादली ठेवली.

"इंटरनेटवरून घेतलास?"

"न्हाई, आमच्याच घरचा हाय. चार पहाटा जागलोय त्यासाठी." मग माझ्या हेडफोनकडे बोट करून म्हणाला, "दोन्ही कानांत येतोय न्हवं?"